तीनशे एकोणसाठ चेहरे

कुंभारीच्या पोरांना चित्र काढायला सांगितलं की डोंगर ठरलेले. दोन त्रिकोण, त्यांच्या फटीतून वर येणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड. अक्कलकोट रस्त्यावर कुठंही उभं राहा, चहूबाजूंनी सपाट माळ, तुरीचं रान, वर ऊन. डोंगर औषधालाही नाही. तरी पन्नास वह्या उघडल्या की पन्नास डोंगररांगा निघतात, आणि सूर्याची किरणंही मोजून सारखीच. मी चित्रकला शिकवते, त्यामुळे हे डोंगर मला स्वप्नातसुद्धा दिसतात.

पोरांनी खरं काहीतरी बघावं, माणसाच्या हातानं घडलेलं बघावं, असं मनात होतं. मुंबईचं वस्तुसंग्रहालय किंवा पुण्याचं केळकर संग्रहालय काढलं तर गाडीभाड्यातच सहल बुडते. औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं संग्रहालय आहे. राजा स्वतः चित्रकार, त्यामुळे तिथं नेणं अगदी योग्य झालं असतं, पण तेही एका दिवसात जाऊन यायच्या अंतरावर नाही. आमच्याकडे घरं मात्र भरपूर आहेत. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते किल्ल्या मिळालेली गोदूताई परुळेकर वसाहत ही विडी कामगार बायकांची दहा हजार घरं, आणि अलीकडे रे नगर; तिथल्या पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये नरेंद्र मोदींच्या हस्ते दिला गेला. ओळीनं घरं, सगळी एका मापाची. पोरं याच घरांत वाढली. ती सारखंच चित्र काढतात, यात त्यांचा दोष किती?

शेवटी हत्तरसंग कुडल ठरलं. आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना मिळतात तिथं. तिकीट नाही, काचेची कपाटं नाहीत. मूर्ती जिथं घडली त्याच गावात आहे आणि तिच्यासमोर नारळ फोडणारी माणसंही त्याच गावची. मी याला संग्रहालयच म्हणते. कुणी हरकत घेतली तर घेवो.

पोरांना न्यायच्या आधी एकदा बघून यावं म्हणून निघाले, तर अम्मा पिशवी घेऊन दारात उभी. संगमावर देव आहे एवढं तिला पुरेसं होतं. अम्मानं चाळीस वर्षं विड्या वळल्या. आता बोटं आखडतात, पण आत्ताही सूप मांडीवर घेतल्याशिवाय तिला बसवत नाही. मामेभावाची रिक्षा काढली, सोबत भाकरी आणि शेंगाची चटणी. विजापूर रस्त्यानं वडकबाळच्या पुलावर सीना ओलांडली आणि पुढं मोठा रस्ता सोडून उसाच्या रानात शिरलो. रिक्षा उड्या मारायला लागली तशी अम्मा तेलुगूत देवाऐवजी बांधकाम खात्याचं नाव घ्यायला लागली.

आधी संगमेश्वराचं देऊळ. बाहेरून बघणाऱ्याला फार काही वाटणार नाही; काळा दगड, बसकं, दणकट. आत शिरलं की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं काम. सभामंडपात वर तुळईवर जो लेख आहे त्यासाठी लोक लांबून येतात. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. मराठीतला सर्वांत जुना कालोल्लेख असलेला लेख म्हणून तो सांगितला जातो. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख त्याच्याही आधीचा, १०१२चा, असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि अक्षीच्या सालाबद्दल शंका घेणारेही. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. मला त्याहून नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हा मुलूख त्या काळी कानडी लेखांचा. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी गावोगाव पायपीट करून, देवळाच्या पायऱ्या आणि गोठ्याच्या भिंती धुंडाळून या जिल्ह्यातले लेख शोधले आणि धारवाडचे श्रीनिवास रित्ती यांच्यासोबत त्यांचा संग्रह सिद्ध केला. त्यातले बहुतेक लेख कानडी. अशा ठिकाणी कुणाला तरी मराठीत कोरावंसं वाटलं. आजही त्या देवळाच्या ओट्यावर बसलेली माणसं एका वाक्यात कानडी, दुसऱ्यात मराठी बोलत होती आणि अम्मा मध्येच तेलुगू घालत होती. कुणाचंच काही अडत नव्हतं.

मोबाइलची बॅटरी वर धरून मी अक्षरं शोधली. बॅटरी समोरून मारली की दगड नुसता पांढरा पडतो. बाजूनं तिरपी धरली तेव्हा खाचांत सावली भरली आणि अक्षरं उठून आली. पोरांना हे आधी दाखवायचं, असं तिथंच ठरवलं. उजेड कुठून येतो यावर काय दिसतं ते ठरतं, हे वर्गात खडूनं शिकवून शिकवून माझा घसा बसलाय.

“काय लिहिलंय?” अम्मानं विचारलं. तिला अक्षरओळख नाही. सही करते, तीही संघटनेच्या पावतीसाठी शिकलेली.

मी शेवटचे शब्द वाचले. “वाछि तो विजेया होईवा. जो हे वाचेल तो विजयी होईल.”

“आणि ज्यानं खोदलं त्याला?”

“त्याला काय?”

“मजुरी मिळाली का, ते लिहिलंय का?”

ओट्यावरचे गुरव हसले. “अव्वा युनियनच्या दिसतात,” म्हणाले. अम्मानं अभिमानानं होकार दिला आणि लगेच मोर्च्यांच्या आठवणी सुरू झाल्या. हजार विड्यांमागं मजुरी ठरते, ती वाढावी म्हणून ती किती वेळा कलेक्टर कचेरीसमोर उन्हात बसली, तो सगळा इतिहास त्या हजार वर्षांच्या तुळईखाली सांगून झाला. गुरवांनी तो मन लावून ऐकला. मोठ्या शहरातल्या संग्रहालयात असं कुणी मोठ्यानं बोलू दिलं नसतं.

तिथून हरिहरेश्वर. हे देऊळ मातीखाली गेलं होतं, उत्खननात बाहेर आलं. एकाच देवळात विष्णूही आणि शिवही. पुढं स्वर्गमंडप, खांबांवर उभा आणि मधोमध आभाळाला मोकळा. खिद्रापूरचं कोपेश्वर ज्यांनी पाहिलंय त्यांना लगेच ओळख पटेल. खांबांवर मी फार वेळ काढला नाही, कारण अम्मा पुढं जाऊन एका जागी खिळली होती.

ते बहुमुखी शिवलिंग. पुरुषभर उंचीची जाड शिळा, वजन टनांत सांगतात, आणि सगळ्या अंगावर चेहरे. खालपासून वरपर्यंत थरावर थर. तीनशे एकोणसाठ मुखं, आणि खुद्द लिंग धरून तीनशे साठ, असा हिशेब. फोटोत मी ते अनेकदा पाहिलं होतं. फोटोत ती नुसती नक्षी दिसते, दगडावर उठलेले फोड. जवळ गेल्यावर एकेक चेहरा वेगळा व्हायला लागतो. कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचे वटारलेले. एकाचे गाल फुगलेले, शेजारच्याची हनुवटी झिजून सपाट झालेली. काहींची नाकं गेलीत, तरी भुवयांच्या वळणावरून राग आहे की समाधान ते कळतं. मी वही काढून एका चेहऱ्याची बाह्यरेषा घ्यायला लागले.

अम्मा मोजत होती. तिची मोजायची रीत विडीची. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरतो, ओठ हलत नाहीत, पंचवीस झाले की एक कट्टा. ती शिळेभोवती फिरत होती, मध्येच थांबून परत मागं जात होती.

“सगळे एका हाताचे नाहीत,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“हे बघ. इथं कान आधी काढलाय, मग तोंड. इथं तोंड आधी, कानाला जागाच उरली नाही. दोघं तरी असतील. एक घाईचा.”

मी बघितलं. तिचं म्हणणं सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. पण तिनं दाखवलेला कान खरोखरच दोन चेहऱ्यांच्या फटीत चेंगरून बसला होता. वसाहतीत वळलेल्या विड्यांचा ढीग बघून कुठली कुणी वळली ते ती अजून सांगते. तिथं ते गुण म्हणून कुणी धरलं नाही. कारखान्यात चेकर बसतो, विडी जरा जाड, जरा बारीक, तोंडाशी जरा सैल दिसली की छाट. छाट झालेल्या विडीचे पैसे नाहीत, आणि वरून पान-तंबाखू वाया घालवला म्हणून बोलणी. एका कारखान्यात अम्माच्या हजारातल्या किती विड्या रोज बाजूला जायच्या आणि पुढं त्या कुठं जायच्या, ते सगळ्या बायकांना माहीत होतं. चाळीस वर्षं तिच्या बोटांना एकच गोष्ट शिकवली गेली, दुसरी विडी पहिलीसारखी दिसली पाहिजे.

“आमच्याकडे असा माल नेला असता,” ती शिळेकडे हात करून म्हणाली, “तर तीनशेच्या तीनशे छाट.”

आणि हसायला लागली. इतकी हसली की गुरव काय झालं म्हणून बघायला आले. तिनं त्यांना परत सगळं सांगितलं. छाट म्हणजे काय, चेकर म्हणजे काय. मग तेही हसले आणि म्हणाले, हा देवही त्यातलाच, इतकी वर्षं बाजूलाच टाकला होता की मातीत.

मी मात्र वहीकडे बघत होते. दर महिन्याला पन्नास डोंगरांवर लाल पेनानं शेरा मारणारी मीच, आणि ज्या एका पोरीनं मागं विड्यांचं सूप काढलं होतं तिला ‘विषयाला धरून नाही’ असं लिहिणारी दुसरी बाई आमच्याच शाळेत आहे. परीक्षेत निसर्गचित्र म्हटलं की डोंगर काढणाऱ्या पोराला गुण मिळतात, मग ते दुसरं काही काढेलच कशाला! छापील नमुन्याबरहुकूम चित्र तपासणं सोपं जातं, हे त्यामागचं खरं कारण. चेकरचंही तेच असणार.

संगमावर पाणी बेताचं होतं. अम्मानं पाय बुडवले, तोंडावर पाणी मारलं, भाकरी खाल्ली. परत निघताना गुरवांना विचारलं, साठ पोरं आणली तर चालतील का? ते म्हणाले, देऊळ आहे, विचारता काय. फक्त चपला बाहेर आणि अंगावर चढायचं नाही.

मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जात ‘प्रवेश शुल्क’ असा रकाना होता. तिथं आडवी रेघ मारली. ‘सहलीचा उद्देश’ या रकान्यात लिहिलं, प्रत्येक विद्यार्थी एक चेहरा निवडून काढेल, शेजारच्याचा चेहरा काढायचा नाही. सोबत जाणाऱ्या मोठ्या माणसांत अम्माचं नाव घातलं आहे. कान कुणी आधी काढला ते पोरांना ती दाखवणार म्हणते, आणि त्याबद्दल मजुरी किती, हेही तिनं विचारून घेतलं आहे.