झेंड्यातल्या पाकळ्या

चि. सई,


सोसायटीच्या १५ ऑगस्टच्या सजावटीचं काम यंदा तुझ्या गळ्यात पडलंय, असं ताई म्हणाली. आता पडलंच आहे, तर फुलांनी कर. मोगलांच्या अमदानीत आपल्या नाशिकला गुलशनाबाद म्हणत. तिथे प्लॅस्टिकच्या पताका लावायच्या म्हणजे लाजच. शिवाय प्लॅस्टिकचे झेंडे आणि सजावटीचं थर्माकोल यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

पहाटेच गणेशवाडीच्या फुलबाजारात जा. श्रावणात भाव चढे असतात, घासाघीस कर. केशरीला झेंडू, पांढऱ्याला शेवंती. हिरव्यासाठी मात्र फूल शोधत बसू नकोस. रंगवलेली हिरवी शेवंती गळ्यात मारतील, पण एका सरीत तिचा रंग भिंतीवर उतरेल. सरळ अशोकाची पानं घे, जोडीला मरवा. पंढरपुरात विठ्ठलाच्या गाभाऱ्यालाही या दिवशी तिरंगी आरास करतात, तिथेही हिरव्याची बाजू पानंच सांभाळतात.

आता झेंड्याचं. घडीत पाकळ्या ठेवायला २००२ च्या ध्वजसंहितेची हरकत नाही. पण ध्वजस्तंभावर फुलं, हार काही चढवायचं नाही, आणि झेंड्याचं तोरण किंवा झालर करायची नाही. कुणी काका खांबाला झेंडूची माळ गुंडाळायला निघालेच, तर ती फाटकाला बांधायला दे. तिथे शोभेल आणि काकाही खूश होतील.

पाकळ्या गावठी गुलाबाच्या घे. जानोरी-मोहाडीकडच्या पॉलिहाऊसचा गुलाब देखणा खरा, पण तो टिकावा म्हणून वाढवलेला. पाकळी जाड, पटकन खाली येते. गावठी पाकळी तरंगत उतरते. आदल्या रात्री त्या सुती कापडावर पसरून ठेव. ओल्या राहिल्या तर घडीला चिकटतात आणि गोळा होऊन नेमक्या अध्यक्षांच्या डोक्यावर पडतात. ओंजळभर पुरे. जास्त कोंबल्या की घडी फुगते, सरकगाठ अडकते आणि राष्ट्रगीत खोळंबतं. पावसाची चिन्हं असली तर दोरी आधी एकदा ओढून बघ, भिजलेली दोरी आवळते.

जिन्यासमोर तिरंगी फुलांचा गालिचा घालायची कल्पना कुणीतरी काढेलच. माझं मत विचारशील तर नको. लोक त्यावर पाय देऊनच वर जाणार.

कार्यक्रम संपला की फुलं पोरांकडून गोळा करून घे आणि बागेतल्या झाडांच्या बुंध्याशी टाक. गोदावरीत सोडू नकोस, कुणी निर्माल्य म्हणालं तरी.

तुझा,
मामा