धवले संपल्यावर

आगरी लग्नात धवलारीण धवले गाते आणि तिच्या सुरावर लग्नाचा एकेक विधी पुढे सरकतो. वसई तालुक्यातल्या जूचंद्रसारख्या गावात वाढलेल्या माणसाच्या कानात ते सूर लहानपणीच जाऊन बसतात. पण धवले मांडवापुरते असतात. पुढची वीस-तीस वर्षे, कर्जाचे हप्ते, मुलांची दुखणी, एका खोलीत दोघांनी पाठमोरे झोपणे, यांना गाणे नाही. त्या वर्षांत नवरा-बायकोच्या मध्ये तिसरे माणूस आले, तर गावाकडे दोनच गोष्टी असतात: कुजबुज आणि झाकली मूठ.

जपानी मांगा वाचताना ही उणीव मला फार जाणवते. मांगा म्हणजे मुलांची चित्रपुस्तके, हा समज आपल्याकडे अजून आहे. तिथे मात्र १९५७ मध्येच योशिहिरो तात्सुमी यांनी मोठ्यांसाठीच्या गंभीर चित्रकथांना 'गेकिगा' हे वेगळे नाव दिले. १९८० नंतर प्रौढ स्त्री-वाचकांसाठी स्वतंत्र मासिके निघाली आणि नोकरी, संसार, मूल न होणे, घटस्फोट हे सारे चौकटींत येऊ लागले.

पेको वातानाबे यांची '११२२' ही मालिका २०१६ ते २०२० या काळात आली. इचिको आणि ओतोया हे मूल नसलेले जोडपे. दोघांत भांडण नाही, गप्पा आहेत, एकमेकांची काळजी आहे. शरीराची जवळीक मात्र आटली आहे. ओतोयाचे दुसऱ्या एका विवाहित स्त्रीशी नाते आहे आणि ते इचिकोच्या संमतीने आहे. दोघांनी शांतपणे बसून नियम ठरवले आहेत. मग हळूहळू कळत जाते की नियम वेळेचे करता येतात, मनाचे नाही. लेखिका कुणालाही खलनायक करत नाही. ओतोया प्रेमळ आहे आणि दुखावतोही. इचिको समंजस आहे आणि आतून जळतेही. त्या दुसऱ्या स्त्रीलाही तिचे घर आहे, मूल आहे, एकटेपण आहे. हा वास्तववाद मला महत्त्वाचा वाटतो, कारण फसवणूक एका रात्रीत घडत नाही. ती न बोललेल्या वाक्यांतून साचत जाते, आणि न बोललेले वाक्य दाखवायला चित्राच्या चौकटीइतकी चांगली जागा नाही. संवादाचा फुगा रिकामा ठेवला, की वाचकाला ती शांतता ऐकू येते.

कायद्याने नवरा-बायकोच्या नात्याकडे फार काळ मालकीच्या नजरेने पाहिले. जपानमध्ये १९४७ पर्यंत व्यभिचारासाठी पत्नीला शिक्षा होत असे, बाहेरख्याली नवऱ्याला नाही. आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ४९७ मध्ये परपुरुष गुन्हेगार ठरे, तोही नवऱ्याची संमती नसेल तर. आणि फसवल्या गेलेल्या बायकोला तक्रारीचा हक्कच नव्हता. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी हे कलम वैध ठरवले. २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते रद्द करणाऱ्या पाच न्यायाधीशांत त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते. स्त्री ही कुणाची मालमत्ता नाही, एवढे मान्य व्हायला १५८ वर्षे लागली.

मराठी लेखक-दिग्दर्शकांना ते आधीच दिसले होते. जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा' या चित्रपटात (१९८२) नवऱ्याचे दुसरे नाते कळल्यावर सुलभा घर सोडते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर सुडाचा लवलेश नसतो. प्रशांत दळवी यांच्या 'चारचौघी' या नाटकात (१९९१) विद्या नवऱ्याशी फोनवर बोलत राहते. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, तरी सगळा संसार कळतो. आणि गौरी देशपांडे यांनी तर 'तेरुओ' या कथेत विवाहित नायिकेचे जपानी पुरुषाशी असलेले नाते लिहिले, तिला अपराधी न ठरवता.

म्हणजे शब्द आपल्याकडे आहेत. हातही आहेत, आणि ते जूचंद्रमध्ये आहेत. हे रांगोळीकारांचे गाव. दिवाळीतल्या प्रदर्शनांत इथले कलावंत चिमटीतून सुटणाऱ्या रंगांनी माणसाचा चेहरा जमिनीवर असा उतरवतात, की सुरकुतीची सावली आणि डोळ्यांतली ओल खरी वाटावी. या कलेला घाई चालत नाही. चेहऱ्याकडे इतका वेळ पाहणाऱ्या माणसाला त्याचा निवाडा करण्याची घाई राहत नाही, असे मला वाटते. लग्नाकडे पाहायलाही हाच धीर लागतो.

म्हणून जूचंद्रच्या तरुण चित्रकारांना माझे मनापासून सांगणे आहे. थोरामोठ्यांचे चेहरे तुम्ही उत्तम रेखाटता. आता कागद घ्या, चौकटी आखा आणि तुमच्या आळीतले एखादे लग्न काढा, नावे बदलून, पण दुःख न बदलता. कामावरून उशिरा आलेला नवरा, जेवण झाकून बसलेली बायको, पालथा ठेवलेला मोबाइल. कोण चुकले ते लिहू नका. काय घडले ते दाखवा. धवलारणीने मांडवापर्यंतची गोष्ट सांगितली आहे. पुढची तुम्ही सांगा; मराठीला तिची गरज आहे.