खालाची 'हाजिरी'

काही वर्षांपूर्वी ईदच्या सुट्टीत माझ्या भावाची मुलगी साताऱ्याहून सांगलीला आमच्याकडे आली होती. मोबाईलवर 'इश्क जहे नसीब' ही पाकिस्तानी मालिका पाहत होती. हम टीव्हीची, २०१९ मधली. लेखन हाशिम नदीम यांचे. उर्दू शिकवणारी मी, संवाद कानी पडले तशी जवळ जाऊन बसले. जाहिद अहमद यांनी उभा केलेला समीर मधूनच 'समीरा' होतो, बाईसारखा बोलतो, वागतो. अचानक मुलीने विचारले, "फुफी, आपल्या साताऱ्याच्या खालाजानना हेच होत होतं का?"

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. अम्मीची धाकटी बहीण लग्नानंतर वर्षभरातच माहेरी परत आली. कधी ती पुरुषी आवाजात बोलायची, आम्हाला ओळखायची नाही आणि नंतर तिला काहीच आठवायचे नाही. मोहल्ल्यात सगळे म्हणाले, हाजिरी येते. आमिल आला. कोंडलेल्या खोलीत मिरचीची धुरी दिली. खाला तडफडत होती, तेव्हा तिचा एक हात मी धरून ठेवला होता. मोठ्यांनी सांगितले, म्हणून धरला. पण सोडला नाही, हे मला आजही विसरता येत नाही.

खालाला नेमका कोणता आजार होता, हे ठरवणारी मी कोण? तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे कधी नेलेच नाही. मालिकेतल्या आजाराला डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात. पूर्वी त्याला बहुव्यक्तिमत्त्व म्हणत. १९९४ मध्ये नाव बदलले. लहानपणी सोसलेल्या अत्याचारांशी त्याचा जवळचा संबंध सांगितला जातो. असह्य झालेले मन स्वतःचे तुकडे करून जगते. हा स्किझोफ्रेनिया नव्हे. पडद्यावर मात्र त्याचा थरार होतो. 'भूल भुलैया'त (२००७) अवनीची मंजुलिका होते आणि शेवटी एका नाट्यमय रात्रीत ती बरी होते. प्रत्यक्षात विश्वासाच्या माणसाशी वर्षानुवर्षे बोलत बरे व्हावे लागते आणि तेवढा काळ घराला सबुरी ठेवावी लागते.

सबुरी नसली की काय होते, हे तामिळनाडूतल्या एरवाडीने दाखवले. दर्ग्याजवळच्या एका आश्रमात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. आपल्या महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधणे, मिरचीची धुरी देणे हा त्यात गुन्हा आहे. या कायद्यासाठी झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच, मिरजेत डॉक्टरकी शिकलेले. तो अनुसूचीतला 'धुरी' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा मला खालाची खोली दिसली.

जिन्नांवर आपला ईमान आहे, म्हणून प्रत्येक आजार जिन्नाचा होत नाही. हुजूर (स.) यांनी उपचार करून घ्यायला सांगितले आहे. दुआ करावी आणि दवाही घ्यावी. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते.

सुट्टी संपली तेव्हा मुलीला सोडायला मी साताऱ्याला गेले. खाला आता साठीच्या पुढे आहे. ते झटके केव्हाच थांबले आहेत. तिच्याजवळ बसून म्हटले, "खाला, त्या दिवशी तुमचा हात मी धरला होता. मला माफ करा."

तिने माझा हात हातात घेतला. "तू लेकरू होतीस, बेटा."

मग मुलीने तिला मालिकेची गोष्ट सांगितली. खाला बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "त्या पोराचं दुखणं लोक बसून बघतात तरी. मला सगळे जिन्नाचं नाव विचारत होते. सासरी माझ्यावर काय गुजरलं, ते एकानेही विचारलं नाही."

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी विचारले. तिने सांगितले. मगरिबची अजान होईपर्यंत आम्ही ऐकत होतो.