आमची लाल गाडी आणि बोअरचं पाणी

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी म्हणजे पेपरच्या आदल्या रात्री करायचा विषय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण हा विषय इंग्लिशमध्ये लिहिताच येणार नाही. गाडी टेंभुर्णीची आहे आणि तिला आम्ही दिलेल्या शिव्याही टेंभुर्णीच्याच आहेत!

2019 साली, मी नववीत असताना, आमच्या घरी चारचाकी आली. सेकंडहँड, 2009 चं मॉडेल, किंमत 1 लाख 10 हजार. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण बिचारीचा दोष नव्हता हे पुढे कळेलच. पप्पांना गाडी नको होती, हट्ट माझा होता. शाळेच्या गेटवर बाकीच्यांचे पालक गाडीतून यायचे आणि आमचे पप्पा मोटरसायकलवर, पँटला चिखल, मागे खताची गोणी. मला लाज वाटायची. उसाचं बिल आलं आणि पप्पांनी काही न बोलता गाडी आणली.

पहिले सहा महिने मजेत गेले. मग लॉकडाऊनमध्ये उभ्या उभ्या बॅटरी गेली. उसातल्या उंदरांनी वायरिंग कुरतडलं. क्लचप्लेट गेली. मिस्त्री बॉनेट उघडून आधी "च् च् च्" करायचा, तेव्हाच पप्पांचा हात खिशाकडे जायचा.

तात्या, म्हणजे माझे आजोबा, मात्र गाडीच्या बाजूने. 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, हे ते दर वेळी ऐकवायचे. त्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर 2023 पर्यंत धावली. "गाडी जुनी होत न्हाई, माणूस आळशी होतो," हे तात्यांचं ठरलेलं वाक्य.

खरा तमाशा झाला 2022 च्या उन्हाळ्यात. आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला निघालो. मोडनिंब मागे पडलं आणि टेंपरेचरचा काटा लालमध्ये गेला. बॉनेटमधून वाफ, बाहेर 42 डिग्री ऊन, बाजूने उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या चाललेल्या. शेवटी पप्पांनी हात करून एसटी थांबवली. आजी चढता चढता म्हणाली, "मगाशीच एष्टीत बसलो असतो तर आत्ता पोचलो असतो की!" मी हसलो. पप्पा हसले नाहीत. रेडिएटर जाम, हेड गॅसकेट उडालेलं, हेडला बाक आलेला. खर्च 17,700.

इंजिनिअरिंगला आलो, मेकॅनिकल घेतलं. यंदा तिसऱ्या वर्षाला इंजिनच्या कूलिंगवर लेक्चर होतं. सर म्हणाले, रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. जड पाण्यातले क्षार गरम झाले की नळ्यांच्या आतून थर धरतात, पाणी फिरत नाही, उष्णता बाहेर पडत नाही, आणि ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. आपल्या हॉस्टेलच्या बादलीतल्या हीटरवर जो पांढरा थर बसतो ना, तोच!

बाकीची मुलं वहीत लिहून घेत होती. माझा पेन थांबला. कारण दर रविवारी गाडी धुताना रेडिएटरचं झाकण काढून बोअरचं पाणी भरणारा मीच होतो. काठोकाठ, मोठ्या प्रेमाने.

दिवाळीत घरी गेलो. पप्पांची उसाच्या टनेजची डायरी आहे, तिच्या मागच्या पानावर 'गाडी' म्हणून हिशेब सापडला. बॅटरी 3,800. वायरिंग 4,200. क्लच 6,500. रेडिएटर 3,200. हेडचं काम 14,500. टायर 12,000. 2024 ला पंधरा वर्षं झाली म्हणून पुन्हा रजिस्ट्रेशन 5,000 (एप्रिल 2022 च्या आधी हीच फी 600 होती). बेरीज 49,200. म्हणजे गाडीच्या किमतीच्या जवळजवळ निम्मे! त्याच वर्षांत पप्पांनी स्वतःसाठी काय घेतलं ते आठवून बघितलं. काही आठवलं नाही.

रात्री जेवताना सांगून टाकलं, "पप्पा, ते हेडचं काम माझ्यामुळे निघालं. बोअरचं पाणी मीच घालायचो."

पप्पा भाकरी मोडत म्हणाले, "ठाऊक आहे. मिस्त्रीनं तवाच नळी कापून दाखवली हुती."

"मग मला बोलला का नाही?"

"तू रविवारी गाडी धुताना लई खुशीत असायचास. आन् चूक माझीबी हाय. मला तरी कुठं म्हाईत होतं?"

त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कूलंटचा कॅन आणला, सिस्टीम धुऊन काढली, नवीन भरलं. इंजिनिअरिंगच्या तीन वर्षांत हातांनी केलेलं हे पहिलं उपयोगाचं काम. गाडी अजून बंद पडते. गेल्या महिन्यात सेल्फ गेला. विकावी का, यावर घरात चर्चा चालू आहे.

पण सुट्टी संपल्यावर पप्पा सोडायला आले तेव्हा नेहमीप्रमाणे बाहेरच रस्त्यावर गाडी थांबवायला लागले. माझ्या जुन्या शाळेपासूनची त्यांना ती सवयच लागलीय. मी म्हटलं, "पप्पा, आत घ्या. हॉस्टेलच्या दारापर्यंत."

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल