चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट

ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर वाझ यांचा जन्म १९१६ सालचा, गोव्यात बार्देशातल्या हळदोण्याचा. मुंबईने त्यांना चिक चॉकलेट म्हणून ओळखले आणि पुढे ‘हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग’ अशी पदवीही दिली. पदवी कौतुकाची खरी, पण अपुरी.

पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणे, शिकवले जाई. मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, हाती छडी घेऊन स्वरलिपी घोटवून घेत. या विद्येवर गावात पोट भरत नसे, म्हणून गोव्याचे वादक मुंबई-कलकत्त्याला जात. संस्थानिकांच्या बँडांत, हॉटेलांत, मूकपटांच्या थिएटरांत वाजवत. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी जॅझ बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. कागदावर न मावणारा स्विंग शहराने त्यांच्याकडून समोर बसून ऐकला. चिक यांनी आदर्श मानला तो आर्मस्ट्राँग यांना. १९४० च्या दशकात ताजमध्ये स्वतःच्या बँडचे नेतृत्व करण्यापर्यंत त्यांची मजल गेली.

पण खरी गोष्ट सुरू होते ती संगीतकार सी. रामचंद्र यांच्याशी अरेंजर म्हणून जमल्यावर. पुणतांब्याच्या या रामचंद्र चितळकरांना पाश्चात्त्य ठेक्याची ओढ होती, आणि चिक यांच्याजवळ तो ठेका मुळातूनच होता. त्या काळी संगीतकार पेटीवर चाल ऐकवत. ती ऐकता ऐकता अरेंजर स्वरलिपीत उतरवी, मग व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रम्पेट यांचे वेगवेगळे कागद तयार करून वादकांपुढे ठेवी. गाण्याच्या दोन कडव्यांमधली जागा बहुतेक वेळा त्याच्याच हातची असे. श्रेयनामावलीत मात्र तो ‘सहाय्यक’. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही सगळी मंडळी याच परंपरेतली. हिंदी गाण्याचा अर्धा रंग या माणसांनी भरला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

सी. रामचंद्र यांचेच संगीत असलेला भगवानदादांचा ‘अलबेला’ हा चित्रपट १९५१ चा. त्यात चिक आपल्या बँडसह पडद्यावरच दिसतात. झालरींच्या बाह्यांचे क्यूबन थाटाचे सदरे, मागे रुंबाचा डौल आणि पुढे भगवानदादांचा तो सैल, कष्टकरी वस्तीतला नाच. गिरणगाव आणि ताज या दोन मुंबया एरवी एकमेकींच्या दारात पाऊल ठेवत नव्हत्या. इथे त्या एकाच तालावर डोलल्या. चिक यांच्या ट्रम्पेटचे सूर त्यात लखलखीत आहेत, पण गळ्यावर कुरघोडी करत नाहीत. बँडमास्तराला हा संयम सहसा साधत नाही.

त्याच वर्षी ‘नादान’ या चित्रपटाला त्यांनी स्वतंत्र संगीत दिले. त्यात तलत महमूद यांच्या आवाजातले एक हळवे, संथ गाणे आहे. ट्रम्पेटवाल्याकडून धमाल चालींचीच अपेक्षा ठेवणाऱ्यांनी ते जरूर ऐकावे. ‘रंगीली’, ‘कर भला’ असे आणखी चित्रपट झाले, तरी संगीतकार म्हणून त्यांचा जम बसला नाही.

१९६६ च्या ‘आखरी खत’मध्ये गायक भूपिंदर यांच्या गाण्यात ते ट्रम्पेट घेऊन पुन्हा पडद्यावर आले. संगीत खय्याम यांचे. पुढच्याच वर्षी चिक यांचे निधन झाले. आर्मस्ट्राँग यांची छाया त्यांच्या ताजमधल्या वादनावर असेल. ‘अलबेला’ आणि ‘नादान’मधले चिक मात्र कुणाचीही प्रतिकृती नव्हते.