छापा, काटा आणि सुटे पैसे

बुधवार, ५ मार्च २०२५

मंडईतल्या भाजीवाल्या मावशींच्या गल्ल्यात आज भरपूर चिल्लर होती. हल्ली गिऱ्हाइकं मोबाइलवरूनच पैसे देतात, त्यामुळे नाणी हाताळायला मिळणं कमी झालंय. मी शंभराची नोट देऊन उरलेले सगळे नाण्यांत मागितले. "घ्या ताई, तेवढंच ओझं कमी," म्हणाल्या.

घरी येऊन खिडकीपाशी भिंग घेऊन बसले. बघायचं ते सालाच्या खाली. शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल टिंब असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. चौघींत नोएडाची टांकसाळ सर्वांत तरुण, १९८८ची. दोन रुपयांच्या एका नाण्यावरची चांदणी इतकी झिजली होती की तिरक्या उन्हात धरल्यावरच तिचे कोपरे उमटले. असं नाणं हाती लागलं की माझा दिवस साजरा होतो. त्याची किंमत दोनच रुपये आहे, आणि मला ते फार आवडतं.

रविवार, ९ मार्च

चॅम्पियन्स करंडक आपला! जडेजाचा चौकार गेला आणि सोसायटीभर आरडाओरडा झाला.

नाणेफेक मात्र आजही हरलो. न्यूझीलंडचा कर्णधार सँटनर यानं ती जिंकून फलंदाजी घेतली. २०२३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापासून एकदिवसीय सामन्यांत भारतानं गमावलेली ही सलग पंधरावी नाणेफेक. त्यांतल्या बारा एकट्या कर्णधार रोहितच्या; ब्रायन लाराच्या विक्रमाशी बरोबरी झाली. सलग पंधरा वेळा हरण्याची शक्यता बत्तीस हजार सातशे अडुसष्टांत एक. तरीही या स्पर्धेतले पाचच्या पाच सामने आपण जिंकले, तेही एकदासुद्धा नाणेफेक न जिंकता. आज रोहितनं ७६ धावा काढल्या. नशीब रुसलं म्हणून हातपाय गाळणाऱ्या प्रत्येकाला मी ही स्पर्धा दाखवणार आहे.

सोमवार, १० मार्च

कालच्या नाणेफेकीवरून डायकोनिस आठवला. हा अमेरिकन गणिती तरुणपणी जादूगार होता. २००७ साली त्यानं दोन सहकाऱ्यांबरोबर मांडलं की उडवलेलं नाणं हवेत थोडं डगमगतं, त्यामुळे उडवताना जी बाजू वर असते तीच झेलतानाही वर येण्याचा किंचित कल असतो. पुढे अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी मंडळी जमवून साडेतीन लाखांहून जास्त वेळा नाणी उडवली आणि प्रत्येक फेक नोंदवली. तीच बाजू आली ५०.८ टक्के वेळा. एवढ्याशा फरकासाठी एवढी चिकाटी! मला त्या माणसांना भेटावंसं वाटतं. मैदानावर या कलाचा उपयोग नाही, कारण तिथे नाणं जमिनीवर आपटून उसळतं.

बुधवार, १२ मार्च

जुना बाजार. बुधवार-रविवारच्या या गर्दीत मला शिवराई बघायची असते. तांब्याचा जाड, वेडावाकडा तुकडा. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', भोवती टिंबांचं वर्तुळ. ठसा तुकड्यापेक्षा मोठा असल्यामुळे अख्खं वर्तुळ क्वचितच सापडतं. आज एकीवर 'राजा' स्वच्छ आणि 'श्री' निम्मी बाहेर गेलेली. बराच वेळ तळहातावर घेऊन उभी होते. घेतली नाही, नकली शिवराया हल्ली बऱ्याच फिरतात आणि हिच्या कडा मला जरा जास्तच गुळगुळीत वाटल्या.

शेजारच्या पथारीवर ७८६ आकड्याच्या नोटा आणि वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं. एक कॉलेजातला मुलगा विचारत होता, याचे लाख रुपये येतात ना? मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की असे लाख देऊ करणाऱ्या जाहिराती आधी तुझ्याकडूनच शुल्क उकळतात, आणि रिझर्व्ह बँकेनं २०२१ साली त्याबद्दल लोकांना सावध केलंय. छंदाच्या नावावर चालणारी ही लूट मला सहन होत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. रंग खेळून आल्यावर भाच्यानं 'शोले' लावला. येत्या १५ ऑगस्टला पन्नास वर्षं होतील. जयच्या नाण्याला दोन्हीकडे छापाच आहे हे वीरूला कळतं तेव्हा भाचा एकदम उठून बसला. "म्हणजे मावशी, तो थांबायचं आधीच ठरवून बसला होता?" हो रे, अगदी तसंच. त्याच वर्षीच्या 'दीवार'मध्ये सलीम-जावेद यांनीच जय झालेल्या अमिताभला ७८६चा बिल्ला दिला. तिथे नशीब बिल्ल्यात आहे. मला जय जवळचा वाटतो.

रविवार, १६ मार्च

खालच्या मजल्यावरच्या आजींनी देवघरातलं वीस पैशांचं पिवळं नाणं दाखवलं, कमळाचं. १९६८ ते १९७१ या काळातलं. त्यात सोनं आहे असं सासूबाईंनी सांगितलं होतं म्हणे. सोनं नाही, पितळी धातू आहे, हे मी हळूच सांगितलं, पण आजींचा चेहरा पडला नाही. भिंगातून सालाखालची मुंबईची खूण दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा हे तिथूनच माझ्याबरोबर आलं असणार. माझं माहेर गिरगावचं." मग भिंग सोडेचनात. माळ्यावरच्या डब्यात १९४३च्या सुमाराचे भोकाचे पैसेही आहेत म्हणतात. पुढच्या रविवारी सकाळी डबा काढायचं ठरलंय. स्टूल भाचा धरणार आहे.