प्रॉम्प्टरचा आवाज

मी नोकरीला साताऱ्यात आणि संसाराला सांगलीत असतो. दोन गावांत रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. पण साताऱ्यातला मी आणि सांगलीतला मी यांच्यात त्याहून जास्त आहे. साताऱ्याच्या खोलीवर मी स्वतः चहा करतो, कप विसळतो, एवढंच काय, गॅस बंद केला की नाही हे दोनदा पाहतो. शनिवारी रात्री सांगलीच्या घराचा उंबरठा ओलांडला, की माणूस तोच, बनियनही बहुधा तेच. पण कप विसळण्याचं कलम गळालेलं असतं. 'तिथं जमतं ते इथं का जमत नाही?' असं आमच्या सौभाग्यवती विचारतात. बी.कॉम.च्या तीन वर्षांत या प्रश्नाचं उत्तर कुणी शिकवलं नव्हतं.

उत्तर दिलं भाच्याने. हा मोबाईलची ॲप तयार करतो. तो म्हणाला, "मामी, मामांचं कंडिशनल कम्पायलेशन आहे."

"अगं बाई! मग औषध काय?" मामी म्हणाली.

औषध नाही, कारण तो रोग नाही. तो लिहिण्याचा एक प्रकार आहे. ॲप लिहिणारा मजकूर एकदाच लिहितो. त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कम्पायलर त्यातून दोन वेगवेगळी ॲप काढून देतो. एक घरचं, त्याचं नाव डीबग. ते लिहिणाऱ्यांच्याच फोनवर चालतं आणि सारखं बडबडतं: आता हे बटण दाबलं, आता अमुक आकडा आला, आता मी अडलो. दुसरं बाहेरचं, त्याचं नाव रिलीज. ते गिऱ्हाइकाच्या हातात जातं आणि मुकाट्याने काम करतं. आयफोनच्या स्विफ्ट भाषेत बडबडीच्या वर 'हॅश इफ डीबग' आणि खाली 'हॅश एंडइफ' असं लिहून ठेवलं, की बाहेरचं ॲप करताना मधल्या ओळी कम्पायलर घेतच नाही. ही युक्ती माझ्याहून वयाने मोठी आहे. सी भाषेत 1972-73च्या सुमारास प्रीप्रोसेसर आला, आणि थोड्याच काळात त्यात अट घालून मजकूर गाळण्याची सोय झाली.

मी पडलो सांगलीकर. कुठलीही गोष्ट नाटकात घातल्याशिवाय मला कळत नाही. इथंच 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्या काळी पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपली भाषणं ऐनवेळी मनाने करायची. भाषणं लिहिलेलीच नसल्यामुळे ती विसरण्याची सोय नव्हती. पुढे नाटकं लिहून होऊ लागली, नट विसरू लागले आणि प्रॉम्प्टर जन्माला आला. तालमीत हा माणूस सर्वांत मोठ्याने बोलतो. प्रयोगात त्याने विंगेत लपून फक्त कुजबुजायचं. प्रयोगात त्याचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत गेला, तर नायिकेचं 'नाथ!' दोनदा ऐकू येतं, आणि त्यातलं पहिलं पुरुषी आवाजात.

नाटकात एवढ्यावर भागतं. ॲपमध्ये भागत नाही. तालमीच्या बडबडीत खात्याचा नंबर असू शकतो, पासवर्ड असू शकतो. ती बडबड बाहेरच्या ॲपमध्ये राहिली, तर नको त्याच्या हाती लागते. बँकेतला माणूस असल्यामुळे माझ्या अंगावर काटा आला.

"मग त्यावर काहीतरी पांघरूण घाल की," मी म्हणालो.

"मामा, पाहुणे आले की तुम्ही कपड्यांचा ढीग चादरीखाली लपवता. ढीग घरातच असतो. पाहुण्यांचं पोर चादर ओढतंच. ॲप उसवून आत बघणारी पोरं जगात रगड आहेत. हॅश लावला की ढीग घरात येतच नाही."

"ही सोय आपल्याकडे नाही का?" सौभाग्यवतींनी माझ्याकडे बघत विचारलं.

भाच्याचं तेव्हाचं काम एका पतसंस्थेचं होतं: पिग्मी एजंटांसाठी अँड्रॉइडचं ॲप. पिग्मी म्हणजे रोजची चिल्लर बचत. पुढे सिंडिकेट बँक झालेल्या संस्थेने उडुपीला 1928 साली रोज दोन आण्यांपासून ती सुरू केली. ती बँक 2020 साली कॅनरा बँकेत विलीन झाली. पिग्मी मात्र गावोगाव फिरतेच आहे. ॲपच्या घरच्या आवृत्तीत खातेदार खोटे, रकमा खोट्या, आणि एसएमएस जाण्याची वाट बंद. ती उघडी राहिली असती, तर लाखभर रुपये जमा झाल्याच्या आनंदाने एखादे आजोबा खरोखरच गेले असते.

घोटाळा निराळाच निघाला. हे ॲप डार्ट भाषेतलं. त्या भाषेत 'असर्ट' नावाचा एक तपासनीस असतो. 'अमुक झालंय ना?' एवढंच तो विचारतो आणि झालं नसेल तर तालीम थांबवतो. बाहेरच्या ॲपमध्ये त्याला सुट्टी. त्याचा प्रश्न कुणी वाचतसुद्धा नाही. भाच्याबरोबरच्या एका पोराने रक्कम नोंदवण्याचं कामच या प्रश्नाच्या पोटात घातलं होतं. घरच्या ॲपमध्ये तपासनीस विचारायचा, त्या निमित्ताने नोंद व्हायची, सगळं छान. बाहेरच्या ॲपमधून तपासनीस गेला, तो जाताना नोंदही घेऊन गेला. पावती मात्र झोकात निघत होती.

आमच्या स्नेहसंमेलनातल्या ऐतिहासिक नाटकात तंतोतंत हेच झालं होतं. तालमीत दूताच्या हातात खलिता प्रॉम्प्टर द्यायचा. प्रयोगाला त्याने जागचं हलायचं नाही, असं दिग्दर्शकांनी बजावलं. दूत रिकाम्या हाताने आला आणि महाराजांनी स्वतःचा तळहात मोठ्याने वाचून दाखवला.

पतसंस्थेत तळहात वाचून भागलं नसतं. पण ॲप वाटण्याच्या आदल्या दिवशी भाच्याने बाहेरचीच आवृत्ती आपल्या फोनवर घातली आणि स्वतःचे दहा रुपये भरून पाहिले. पावती दहाची, खात्यात शून्य. घरच्या आवृत्तीवर महिनाभर घासूनसुद्धा हे दिसलं नसतं, कारण तिथं ते घडतच नव्हतं. सांगलीत याला रंगीत तालीम म्हणतात: प्रयोगाचे कपडे, प्रयोगाचे दिवे, आणि प्रॉम्प्टर गप्प. ती न करता तिकिटं विकणाऱ्याला आमच्याकडे नाटकवाला म्हणत नाहीत.

साताऱ्यात माझ्या खोलीखाली एक मावशी भाजी विकतात. रोज संध्याकाळी पन्नास रुपये पिग्मीत भरतात. त्यांना आवृत्ती ठाऊक नाही, हॅश ठाऊक नाही. एजंट फोनवर टकटक करतो, चिटोरं हातात ठेवतो, मेसेजही येतो. तरी मावशी त्याच्या तोंडाकडे बघत विचारतात, "मांडलं न्हवं?"

"मांडलं, मावशी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. मी हे भाच्याला सांगितलं, तेव्हा तो एकदम गंभीर झाला. "मामा, हा तपासनीस रिलीजमध्येसुद्धा ठेवावा लागेल."

म्हटलं, बाबा रे, मावशींना गाळणारा कम्पायलर अजून निघायचाय.